‘बिल्ड’, ‘होस्ट’, ‘टार्गेट’ : कोयत्याच्या हिशेबाने

दुकानाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर ओळखीच्या मुलाकडून करून घेणारे व्यापारी आज बीड, अंबाजोगाई, परळीत आहेत. त्या मुलाने लिहिलेला मजकूर जुळवून चालता माल तयार करणे म्हणजे ‘बिल्ड’. त्याची अवजारे फारशी अवघड नाहीत. अवघड आहे माहितीपत्रकांची भाषा.

‘जीएनयू’च्या माहितीपत्रकांत ‘बिल्ड’, ‘होस्ट’ आणि ‘टार्गेट’ अशी तीन यंत्रे येतात. होस्ट म्हणजे यजमान. तेव्हा काम जिथे चालू आहे तेच यंत्र होस्ट, असे कोणालाही वाटेल. अर्थ नेमका उलटा आहे. ऊसतोडीचा कोयता बीडच्या लोहाराने घडवला आणि तो कोल्हापूरच्या फडात चालला, तर बीड हे ‘बिल्ड’ आणि कोल्हापूर हे ‘होस्ट’. मग टार्गेट कोणते? कोयत्याला टार्गेट नाहीच. लोहाराने कोयते पाडण्याचा साचा केला, तो जालन्यात बसवला आणि त्यातून निघालेले कोयते कोल्हापूरला गेले, तरच बीड बिल्ड, जालना होस्ट, कोल्हापूर टार्गेट. म्हणजे हा तिसरा शब्द अवजार घडवणाऱ्या अवजारापुरताच. साध्या हिशेबाच्या प्रोग्रामला त्याची गरज नाही, तरी शिकाऊ मुले तो पर्याय भरतात आणि होस्ट कोरा सोडतात. कोरा सोडला की होस्ट म्हणजे बिल्डचेच यंत्र धरले जाते. मग इंटेलच्या संगणकावर तयार झालेला माल दुकानातल्या ‘एआरएम’ चिपच्या यंत्रावर उघडतच नाही. बिल मात्र द्यावे लागते!

‘टार्गेट’चा घोळ इथेच संपत नाही. बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली केलेल्या ‘मेक’ या अवजारात टार्गेट म्हणजे बहुधा तयार व्हायची फाईल. ‘अँट’मध्ये तोच शब्द कामांच्या गटाला आहे. साधारण त्याच जागी ‘मेवन’ ‘गोल’ म्हणते, ‘ग्रेडल’ ‘टास्क’. प्रत्येक पेठेचे माप वेगळे असावे तसे हे झाले. मराठी माध्यमातून गेलेला मुलगा इथे अडतो आणि दोष स्वतःच्या इंग्रजीला देतो. वास्तविक इंग्रजी जाणणारेही इथे फसतात.

व्यापारी बंधूंनी काम सांगताना प्रोग्राम कोणत्या यंत्रावर चालणार, त्याची चिप व विंडोज की अँड्रॉइड, हे कागदावर लिहून द्यावे. तोच तुमचा ‘होस्ट’. शेवटचा हप्ता त्याच यंत्रावर एक पावती छापून पाहिल्यावर द्यावा.