पान सुबक हवे, पण हिशेब पक्का हवा

आपल्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या भागात कोसा विणला जातो. इथल्या कापड व्यापाऱ्याला दोन हिशेब ठेवावे लागतात. एक गिऱ्हाइकाचा आणि दुसरा विणकराचा. कोणाला किती सूत दिले, किती साड्या आल्या, मजुरी किती झाली, उचल किती फिटली. माझ्याकडे हे सारे पूर्वी लाल बहीत होते, आता संगणकावर आहे.

कोणता प्रोग्रॅम घ्यावा, असे व्यापारी बांधव विचारतात. बहुतेकांची मागणी एकच असते. पान मनासारखे मांडता यावे. वर दुकानाचे नाव, बाजूला मालाची शिल्लक, खाली मजुरी, जमल्यास साडीचा फोटो. मागणी रास्त आहे. पण याच हौसेपायी माझी फजिती झाली, ती आधी सांगतो.

पान मोकळे दिसावे म्हणून मी विणकरांची नावे आणि त्यांच्या रकमा यांच्यामध्ये एक रकाना कोरा सोडला. पुढे नावे अक्षरक्रमाने लावली. नावे हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. कोरा रकाना आला की यादी तिथेच संपली, असे संगणक समजतो. एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर पडली. एक बुजुर्ग कारागीर म्हणाले, "सेठ, एवढी उचल मी घेतलीच नाही." जुनी बही काढली, ते खरे ठरले. चूक संगणकाची नव्हती, माझी होती. रक्कम दुरुस्त झाली, पण त्यांच्यासमोर मान खाली गेली ती गेलीच.

म्हणून प्रोग्रॅमची घडण समजून घ्यावी. 1979 साली अमेरिकेत व्हिजिकॅल्क आला, 1985 साली एक्सेल आला. यांत सारे पान म्हणजे चौकटींची एकच जाळी. वरच्या तक्त्यासाठी रकाना रुंद केला की खालच्या तक्त्याचाही रुंद होतो. दोन तक्ते शेजारी असतील तर एकाची ओळ काढताना दुसऱ्याचीही जाऊ शकते. लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स यांची घडणही हीच. कॅल्क मोफत आहे. शीट्स मोबाइलवर चालते आणि दुकान व घर दोन्हीकडून एकच वही उघडता येते.

ॲपल कंपनीचा नंबर्स 2007 साली आला. त्याची रीत निराळी. पान कोरे असते, त्यावर हवे तितके तक्ते हवे तिथे ठेवावेत. प्रत्येकाचे रकाने स्वतंत्र, बाजूला फोटोही बसतो. नमुन्यांचे दरपत्रक करायला हा फार सोयीचा. मात्र तो ॲपलच्याच यंत्रांवर चालतो; इतर संगणकावर ॲपलचे खाते काढून इंटरनेटवरून वापरावा लागतो. आपला हिशेबनीस बहुधा एक्सेलवर असतो. त्याला फाइल एक्सेलमध्ये बदलून देता येते, पण केलेली मांडणी जशीच्या तशी राहीलच असे नाही.

2017 च्या जुलैपासून जीएसटी आहे. त्याच्या विवरणासाठी मिळणारे सरकारी साधन एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल घेते. त्याला सजावट नको, ठरलेल्या रकान्यांतली सरळ यादी हवी.

माझा सल्ला असा. मूळ हिशेबाचे पान अगदी साधे ठेवा. एका ओळीत एकच व्यवहार, वर रकान्यांची नावे, मध्ये कोरी जागा नाही, चौकटी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. सजावटीचे पान वेगळे करा आणि त्यातले आकडे सूत्राने मूळ पानावरून आणा. मग ते कितीही नटवा, हिशेबाला धक्का लागत नाही. एवढी शिस्त पाळली तर लहान दुकानाला कॅल्क किंवा शीट्स पुरेसे आहे. दरपत्रकाचेच काम मोठे असेल आणि घरात ॲपलचे यंत्र असेल, तर नंबर्स घ्या.

आणि दर महिन्याला विणकराच्या खात्याचा कागद छापून त्याच्या हाती द्या. आपल्या नजरेतून सुटलेली चूक त्याच्या नजरेतून सुटत नाही.