मासे पाळायचे, तर गाळणी कोणती घ्यावी?



मुलांनी हट्ट धरला, म्हणून काचेची टाकी, चार मासे आणि दोन पाणवनस्पती घरी येतात. आठवड्याभरात मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि एकेक करून मरतात. आमच्या घरीही हेच झाले. पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते! मग चुकले कुठे? आम्ही गाळणी रोज नळाखाली घासून धूत होतो, तेथेच चुकले.

गाळणीचे खरे काम

गाळणी म्हणजे केवळ कचरा अडवणारी चाळण नव्हे. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दिसत नाही, पण माशांना ते विष आहे. स्पंजच्या छिद्रांत व वाळूवर राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राईटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेच सौम्य.

हे आपल्याला नवे नाही. भाताला युरिया दिला की मातीतले जीवाणू असेच काम करतात आणि पीक नत्र उचलते. टाकीतले पीक म्हणजे पाणवनस्पती. त्या अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही घेतात. म्हणून जिवंत झाडे असलेल्या टाकीला मोठी, जोराची गाळणी लागत नाही.

निवड कशी करावी?

1. स्पंजची गाळणी: हवेच्या छोट्या पंपावर चालते. स्वस्त, प्रवाह मंद, पिल्ले ओढली जात नाहीत. 60 सें.मी. लांब, 30 सें.मी. रुंद व 30 सें.मी. उंच टाकीत सुमारे 54 लिटर पाणी मावते. एवढ्या टाकीला ही पुरे.

2. काठावर टांगायची गाळणी: कचरा चांगला ओढते. तिच्या तोंडाला स्पंज बांधावा, नाहीतर पिल्ले आत जातात.

3. खडीखालची गाळणी: झाडांच्या टाकीत टाळावी. मुळे तिच्या जाळीत गुंततात, आणि झाड उपटले की सगळा गाळ वर येतो.

4. बंद डब्याची गाळणी: मोठ्या टाकीसाठी उत्तम, पण महाग. वीज बराच वेळ गेली तर आतले जीवाणू हवेवाचून मरतात आणि पाणी नासते. रांध्यासारख्या गावात पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीज गेली, तर स्पंजची गाळणी अधिक भरवशाची; तिचा स्पंज टाकीच्या पाण्यातच असतो.

निगा

स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने किंवा साबणाने कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच महिन्यातून एकदा हलक्या हाताने पिळावा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग वापरावे. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. नाहीतर वीज जाताच नळीतून पाणी उलटे येते. पंप रात्री बंद करू नये, कारण अंधारात झाडेही प्राणवायू घेतात. नवी टाकी स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोनतीनच मासे ठेवावेत आणि खाद्य बेताने घालावे.

एक आणखी लाभ

“गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा” ही घोषणा आपण ऐकली असेल. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात आणि अशा टाकीत भराभर वाढतात. जास्तीची पिल्ले अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडावीत. मात्र ओहोळात, तळ्यात किंवा दमणगंगेत सोडू नयेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. येथल्या देशी माशांच्या तो मुळावर येतो.

थोडक्यात, गाळणी लहान असली तरी चालेल, पण तिच्यातले जीवाणू जिवंत राहिले पाहिजेत. मातीची निगा राखणाऱ्या शेतकऱ्याला हे अवघड नाही.