कारागृहांतील गर्दी आणि न्यायाधीन बंदी

कारागृहे भरली म्हणजे गुन्हेगार वाढले, असा सर्वसाधारण समज असतो. तो आपण तपासून पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार होती. प्रत्यक्षात तेथे सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांपैकी दर चारांतील तिघे न्यायाधीन बंदी, म्हणजेच बोलभाषेतील ‘कच्चे कैदी’ होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नव्हता. म्हणून केवळ नव्या बराकी बांधून हा प्रश्न सुटत नाही.

१९७९ मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात बिहारमधील एक भीषण वास्तव उघड झाले. आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ काही बंदी खटल्याविना कोठडीत होते. जलद न्यायचौकशी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले.

पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ समाविष्ट झाले. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ लागू आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेल्यास सामान्यतः जामीन मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीला एकतृतीयांश काळानंतरच बंधपत्रावर सोडावे, असेही त्यात म्हटले आहे. उदाहरणार्थ, तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या चोरीच्या आरोपात ही मुदत एक वर्षाची होते. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांवर सोपविलेले आहे.

मात्र या तरतुदीला मर्यादा आहेत, हे तुम्ही ध्यानात ठेवावे. मृत्युदंड वा आजन्म कारावासाच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असणाऱ्यांनाही तिचा लाभ मिळत नाही. शिवाय जामीन मंजूर होऊनही रक्कम वा जामीनदार नसल्याने अनेक गरीब बंदी आतच राहतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये साहाय्य योजना आणली. तिच्या २०२३ मधील मूळ तरतुदीनुसार न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत देता येत असे.

सारांश, मुदत मोजणारा, अर्ज करणारा आणि रक्कम भरणारा कोणी असेल, तरच कायद्याने दिलेली सुटका प्रत्यक्षात येते.

विचार करा : आरोप सिद्ध होण्यापूर्वीच गरिबीमुळे कोणी कोठडीत राहत असेल, तर ‘कायद्यापुढे समानता’ या तत्त्वाचा अर्थ तुम्ही कसा लावाल?