व्याज वाढलं, पण बिल कुणाच्या नावावर?

समजा, घरात आधीच पैशांची चणचण आहे. गॅस मिळत नाही, पेट्रोलसाठी रांगा आहेत आणि त्यात बँक सांगते, कर्जाचं व्याज वाढलं! चिडाल ना? श्रीलंकेत २०२२ मध्ये नेमकं हेच झालं.

देशाकडचे डॉलर संपत आले होते. नंदलाल वीरसिंघे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, बँकेने व्याजदर एका फटक्यात ७ टक्क्यांनी वाढवला. बँकांना मध्यवर्ती बँकेकडून मिळणारं कर्ज थेट १४.५ टक्क्यांवर गेलं.

यामागचं गणित सोपं आहे. कर्ज महागलं की लोक खरेदी पुढे ढकलतात, पैसे बँकेत ठेवतात. मागणी घटते आणि भाववाढीचा वेग मंदावतो. पण हे लगेच होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई जवळपास ७० टक्क्यांवर गेली. वर्षभराने ती २ टक्क्यांच्याही खाली आली. हे श्रेय एकट्या व्याजदराचं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्जही मदतीला आलं.

म्हणजे औषध लागू पडलं? हो, पण दोन गोष्टी विसरू नका. एक, महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. त्या महागच राहिल्या, फक्त आणखी महागायचा वेग कमी झाला. दोन, किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. ज्यांच्याकडे शिल्लक पैसा होता, त्यांना सरकारी रोख्यांवर ३० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. कर्जावर चालणाऱ्या छोट्या धंद्यांचं मात्र कंबरडं मोडलं. अर्थव्यवस्था आक्रसली की नोकरभरती थांबते आणि पहिली नोकरी शोधणारे दाराबाहेरच राहतात. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे!

'आपला काय संबंध?' असं म्हणू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात आपल्या रिझर्व्ह बँकेनेही रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. तुमचं एज्युकेशन लोन 'फ्लोटिंग' दराचं असेल, तर अशा निर्णयाचा परिणाम थेट तुमच्या हप्त्यावर किंवा मुदतीवर होतो. कागद काढा, बघा.

व्याज वाढवणं कधीकधी टाळता येत नाही. पण त्याचा भार कुणावर पडतोय आणि त्यांच्यासाठी सरकार काय करतंय, हे विचारणं आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी रेपो दराची बातमी आली की स्क्रोल करून पुढे जाऊ नका.