चाकांत हवा किती असावी?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. गाडीत भाताची पोती असोत वा ती रिकामी असो, धावेचा आकार बदलत नाही. मात्र वाटेतला प्रत्येक खडा गाडीवानाच्या पाठीला कळतो. मोटारीच्या चाकाची गोष्ट निराळी आहे. तेथे भार पेलते ती रबराच्या आत कोंडलेली हवा. ती हवा धरून ठेवणे आणि रस्त्याची पकड घेणे, एवढेच रबराचे काम. हवेच्या चाकाची ही कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली मांडली. पण ती मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असे चाक बनविले आणि मग ते जगभर पसरले.

आज सिल्वासा येथील अनेक कुटुंबांच्या दारात मोटार आहे. तिला नाना तऱ्हेचे रस्ते तुडवावे लागतात. खानवेल-दुधनीकडे जावे तर डोंगरातील वळणे. वापीकडे जावे तर मालट्रकांची गर्दी. आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागावे तर वेग. त्यात वैशाखातले ऊन आणि आषाढातला मुसळधार पाऊस. अशा ठिकाणी चाकांतील हवेचा प्रश्न हा पेट्रोलपंपावरच्या पोराने ‘तीस की पस्तीस?’ असे विचारावे आणि मालकाने काहीतरी सांगून मोकळे व्हावे, इतका किरकोळ राहत नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. माणसांसह मोटारीचे वजन १२०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो, म्हणजे ६६० पौंड भार येतो. चाकात दर चौरस इंचाला ३० पौंड दाब असेल, तर हा भार पेलण्यास सुमारे २२ चौरस इंच रबर जमिनीला टेकते. हाताच्या पंजाएवढीच ही जागा! असे चार पंजे जमिनीला टेकवून मोटार धावते, वळते आणि थांबते. तोच दाब २० पौंडांवर आला, की टेकणारी जागा ३३ चौरस इंच होते. जागा वाढली म्हणजे पकड वाढली, असे सकृद्दर्शनी वाटते. पण ती समजूत फसवी आहे. चाक जितके अधिक चेपते, तितक्या त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते, तसेच रबरही तापते. वेग, ओझे आणि ऊन यांची त्यात भर पडली, म्हणजे आतील थर सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. फोर्ड कंपनीच्या एका मोठ्या गाडीवर बसविलेल्या या टायरांचा पृष्ठभाग धावताधावता सोलून निघे आणि गाडी उलटे. दोष टायरच्या घडणीचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत वाद झाला. आणि त्या वादात शिफारस केलेल्या २६ पौंड दाबाचाही प्रश्न निघाला. त्यानंतर तेथे नव्या मोटारींत हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले.

मग हवा भरावी तरी किती? उत्तर मोटारीतच लिहिलेले असते. चालकाचा दरवाजा उघडला की खांबावर एक लहान तक्ता दिसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे त्यावर असतात. दोन माणसे असताना किती आणि गाडी पूर्ण भरली असताना किती, हेही बहुधा दिलेले असते. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा मात्र निराळा. तो त्या टायरच्या कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नाही. प्रमाणाबाहेर हवा भरली, की टायर मध्यभागी फुगून तेथेच झिजतो आणि खड्ड्यांचे धक्के माणसांना बसतात. हवा कमी असली, तर दोन्ही कडा झिजतात. जुन्या टायरकडे नुसते पाहूनही मालकाची सवय ओळखता येते.

तक्त्यावरचा आकडा थंड चाकाचा असतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली असावी. महामार्गावरून आलेल्या गाडीचे चाक ३२ ऐवजी ३६ दाखवील. ते पाहून कोणी चार पौंड हवा सोडून दिली, तर रात्री चाक निवल्यावर ती २८ वर उतरेल. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ हा सल्ला याच कारणाने घातक आहे. उलट, ३५ अंश तापमानात भरलेली ३० पौंड हवा हिवाळ्यातील १५ अंशांच्या पहाटे २७ च्या आसपास येते. आणि रबरातून महिनोन्महिने हळूहळू झिरपणारी हवा वेगळीच. म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी दाब मोजणे इष्ट.

पावसाळ्यातही हवा कमी करणे चुकीचेच. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेल्यास चाक पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्यावर तरंगू लागते. मग ब्रेक आणि चक्र दोन्ही निरुपयोगी ठरतात. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून निघालेल्या ठोकताळ्याप्रमाणे, ३२ पौंड दाबाचे गुळगुळीत चाक ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाला तरंगू लागते. २० पौंडांचे चाक ७५ लाच. टायरच्या खाचा पाणी काढून देतात. त्यांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, की कायद्यानेही तो टायर बाद ठरतो.

नायट्रोजनविषयी बरेच बोलले जाते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरल्याने हवा थोडी सावकाश झिरपते, पण तपासणी टळत नाही. आणि स्टेपनी विसरू नये. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून हे नाव आले. तेथे १९०४ साली जादा चाकाची युक्ती निघाली. तेच चाक ऐन वेळी रिकामे निघाले, तर ते नसल्यासारखेच.

एक लहानसे दाबमापक, पाच मिनिटांचा वेळ आणि दरवाजाच्या खांबावरील तो तक्ता, एवढेच साहित्य या कामाला लागते. मोटारीत बसणारी मुलेबाळे आणि वडीलधारी माणसे त्या चार पंजांवर विसंबून असतात. सकाळी गाडी काढण्यापूर्वी ते पंजे नीट आहेत ना, हे पाहणे चालकाचे कर्तव्यच होय.