कर्नलचा सातबारा

दिवाळीच्या आसपास गोंदिया जिल्ह्यात निम्मी चर्चा धानाच्या ओलाव्याची असते. हमीभावाने विकायच्या धानात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे आमगाव असो की अर्जुनी मोरगाव, खरेदी केंद्रावर सगळ्यांचे डोळे मॉइश्चर मीटरकडे लागलेले असतात. गोदामात गेल्यावरही धानाची काळजी संपत नाही. हवा दमट राहिली की दाणा तिच्यातला ओलावा ओढून घेतो. तेव्हा गोदामातल्या हवेची आर्द्रता सतत मोजणारे एखादे स्वस्त यंत्र बसवावे, असे डिप्लोमाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज सुचेल. सामानही फार लागत नाही: रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक, बॉश कंपनीचा बीएमई२८० हा सेन्सर आणि चार वायरी.

समजा, वायरी जागच्या जागी लागल्या, वीज आली, लिनक्स सुरू झाले. सेन्सर मात्र कुठेच दिसत नाही. जोडणीत चूक नाही, सेन्सरही धड आहे. तो तिथे आहे हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कोणी सांगितलेलेच नाही.

पेन ड्राइव्ह लावला की लगेच ओळखला जातो, मग हे असे का? यूएसबीवर जोडलेले प्रत्येक उपकरण विचारल्याबरोबर आपला उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक सांगते. पीसीआय कार्डांचेही तसेच. तिथे इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, कंपनीच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचे नावच. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपल्याला चालवता येणाऱ्या क्रमांकांची यादी असते. कर्नल ती जुळवून पाहतो आणि उपकरण त्या ड्रायव्हरच्या हवाली करतो. सेवा केंद्रातला अंगठ्याचा स्कॅनर यूएसबीला लावला की हेच घडते.

बीएमई२८० बसतो तो आय-टू-सी नावाच्या दोन तारांच्या मार्गावर. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये तो आणला तो एकाच उपकरणाच्या पोटातल्या चिपांना आपसात बोलता यावे म्हणून. कोणती चिप कुठे बसवली हे बनवणाऱ्याला ठाऊकच असे, त्यामुळे ‘तू कोण?’ असे विचारण्याची सोय करायची गरज कोणाला वाटली नाही. चिपला असतो तो फक्त सात बिटांचा पत्ता. बीएमई२८० चा पत्ता सोळा-आधारी अंकांत ७६ किंवा ७७. त्याच कंपनीचा, दिसायला तसाच आणि त्याच पत्त्यावर राहणारा बीएमपी२८० दाब आणि तापमान मोजतो, पण आर्द्रता मोजत नाही. गोदामवाल्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी.

मग कर्नलने एकेक पत्ता ठोठावून पाहायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर तापमानाचे सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रामने असेच पत्ते चाचपले, तेव्हा भलत्याच मेमरी चिपमधली माहिती बिघडली आणि लॅपटॉप सुरू होईनासे झाले. अनोळखी चिपला ‘वाच’ म्हटले तरी ती त्याचा काय अर्थ लावेल, याचा भरवसा नसतो.

म्हणून नोंद लिहून ठेवावी लागते. त्या नोंदवहीला डिव्हाइस ट्री म्हणतात, आणि गोंदियाच्या शेतकऱ्याला तिची रीत सातबाऱ्यावरून चटकन कळेल. पीक शेतात उभे असले तरी सातबाऱ्यावर त्याची नोंद नसेल, तर खरेदी केंद्रावर अडतेच. डिव्हाइस ट्रीत सेन्सरची नोंद दोन-तीन ओळींची: कोणत्या मार्गावर, कोणत्या पत्त्यावर, आणि ‘कम्पॅटिबल’ या रकान्यात ‘बॉश,बीएमई२८०’. एवढ्यावर कर्नल योग्य ड्रायव्हर शोधून त्याला पुढे करतो. ड्रायव्हर आधी चिपचा डी० हा कप्पा वाचतो. तिथे ६० मिळाले तर बीएमई, ५८ मिळाले तर बीएमपी. नोंद खरी निघाली की थोड्याच वेळात एका फाइलमध्ये ६५००० च्या आसपासचा आकडा दिसू लागतो. तो टक्क्याच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे आर्द्रता ६५ टक्के. रास्पबेरी पायवर तर तयार नोंदींचा संच असतो. त्यातला हा सेन्सर चालू करायला कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ पुरते.

ही शिस्त लिनक्समध्ये सगळीकडे पहिल्यापासून नव्हती. एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डाचे वर्णन कर्नलच्या आतच सी भाषेत लिहिलेले असे. बोर्ड वाढले तसे जवळपास सारखेच कोड पुन्हापुन्हा येत गेले. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड संताप व्यक्त केला. त्यानंतर वर्णन कर्नलबाहेर काढून डिव्हाइस ट्रीत नेण्याच्या कामाने वेग घेतला, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालवणे शक्य होऊ लागले.

कल्पना मात्र जुनी. सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी तयार केलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये यंत्राच्या भागांचे असे झाड होते. १९९४ मध्ये त्याचे आयईईई १२७५ हे मानक झाले आणि अ‍ॅपलच्या पॉवरपीसी मॅकमध्येही ते वापरले गेले. महाराष्ट्राशी त्याचा संबंध फारसा कोणाला माहीत नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरातच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्या लॅपटॉपमध्ये ब्रॅडली यांचेच ओपन फर्मवेअर होते. पुढे लिनक्समध्ये या लॅपटॉपसाठी खास कोड आला आणि फर्मवेअरमधले झाड कर्नलला थेट वाचता येऊ लागले. खैरातच्या मुलांना याचा पत्ताही नसेल, पण जगातल्या अगदी मोजक्या इंटेल-पद्धतीच्या लॅपटॉपांत ही सोय होती. बाकीचे बहुतेक पीसी हेच काम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय तक्त्यांवर भागवतात.

या नोंदी उघड असण्याला मोल आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात यंत्र बिघडेपर्यंत वापरतात, बिघडले की दुरुस्त करून पुन्हा वापरतात. ज्या यंत्राची नोंद मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आहे, त्याला कंपनीने लक्ष काढून घेतल्यावरही नवी आवृत्ती मिळण्याची आशा राहते. नोंद उत्पादकाच्या जुन्या, बाजूला ठेवलेल्या कर्नलमध्येच अडकली, तर चांगला चालणारा टॅबही सुरक्षेच्या अपडेटविना पडून राहतो. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे, म्हणूनच ते जास्त खटकते.

आता प्रश्न आपल्या घरच्या चिपांचाही आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने रिस्क-फाइव्ह पद्धतीचे वेगा प्रोसेसर तयार केले. ते काम तिरुवनंतपुरमच्या केंद्राचे. रिस्क-फाइव्हच्या छोट्या बोर्डांवर लिनक्स चालू होताना कर्नलच्या हाती पहिल्यांदा पडते ते डिव्हाइस ट्रीच. असे बोर्ड शाळा-कॉलेजांत पोचायचे असतील, तर त्यांचे घड्याळ, सिरियल पोर्ट, आय-टू-सी मार्ग यांच्या नोंदी मुख्य कर्नलमध्ये जायलाच हव्यात. तिथे त्या सर्वांसमोर तपासल्या जातात; कोणत्या रकान्यात काय चालेल याचे नियमही आता संगणकाला वाचता येतील अशा फाइलींत लिहिलेले असतात. बोर्ड सी-डॅकचा असो की गोंदियाच्या एखाद्या विद्यार्थ्याने गोदामासाठी जुळवलेला, मुख्य कर्नलमध्ये येणाऱ्या नोंदीला नियम तेच लागतात.