टायरच्या भिंतीवरची अक्षरे

स्पोर्ट्स कारच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर '२४५/३५ आर १९ ९३ वाय' असे उठवलेले असते, त्यातील २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ३५ हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल बांधणी, १९ हा रिमचा इंचांतील व्यास, ९३ म्हणजे ६५० किलोंची भारक्षमता आणि वाय ही ताशी ३०० किलोमीटर कमाल वेगाची खूण होय. भिंत जितकी बुटकी, तितका टायर वळणावर कमी लवतो व स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देतो. मात्र खड्ड्यात रिम वाकण्याचा धोकाही वाढतो, हे आपल्याकडच्या रस्त्यांवर विसरून चालत नाही. पकडीसाठी मऊ ठेवलेले रबर लवकर झिजते. खरेदीपूर्वी उत्पादनाचा चार आकडी शिक्का अवश्य पाहावा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.